साहसवीरांच्या बाटलीतले पाणी

डोंगर चढणारी, समुद्रात शिडाच्या होड्या घेऊन जाणारी, बर्फावर स्की करत रानोमाळ हिंडणारी माणसे अशा ठिकाणी पोचतात, जिथे जायला शास्त्रज्ञाजवळ वेळ नसतो, पैसा नसतो आणि बऱ्याचदा अंगात तेवढा दमही नसतो. ही माणसे तिथे जाणारच आहेत. मग त्यांच्या पाठपिशवीत एक रिकामी बाटली आणि एक नोंदतक्ता दिला तर? कल्पना इतकी सरळ आहे की ऐकताक्षणीच पटते. साहसवीराला आपल्या भटकंतीत काही अर्थ सापडतो, शास्त्रज्ञाला फुकटात नमुने मिळतात, आणि वन्यजीव व निसर्ग यांच्या संवर्धनाला आकड्यांचा आधार मिळतो.

पटकन पटणाऱ्या कल्पना जरा थांबून तपासाव्या लागतात. अशा रीतीने गोळा झालेली माहिती शास्त्रीय दृष्ट्या किती मोलाची असते? तिच्यातून कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळतात आणि कोणत्या प्रश्नांची मिळत नाहीत? अमेरिकेतल्या एका संस्थेने हे काम अनेक वर्षे केले आहे, आणि तिच्या स्वयंसेवकांनी आणलेल्या पाण्यावरचे दोन संशोधन-निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. निबंध हाती असले म्हणजे कौतुक आणि शंका दोन्ही बाजूला ठेवून आकडे वाचता येतात. त्या दोन निबंधांची तुलना करणे हा या लेखाचा मुख्य हेतू. त्याआधी थोडे मागे जाऊ, कारण साहस आणि विज्ञान यांची सांगड नवी नाही.

१९११ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस, म्हणजे अंटार्क्टिकातल्या ऐन हिवाळ्यात, कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघे जण तळावरून निघाले. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड अशी त्यांची नावे. चोवीस तास अंधार, उणे ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेला पारा, आणि हाताने ओढायच्या घसरगाड्या. सुमारे पाच आठवड्यांचा हा प्रवास कशासाठी होता? एम्परर पेंग्विनच्या अंड्यांसाठी. हा पक्षी फार प्राचीन, आदिम असावा, त्याच्या अंड्यातल्या गर्भात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांपासून पिसे कशी झाली याचा पुरावा मिळेल, अशी विल्सनची अपेक्षा होती. गर्भाच्या वाढीत त्या जातीच्या उत्क्रांतीचा इतिहास पुन्हा घडतो, ही त्या काळी मान्य असलेली समजूत तिच्यामागे होती. पाच अंडी मिळाली, त्यांतली दोन फुटली, तीन लंडनला पोचली. त्यांच्यावरचा शेवटचा अहवाल १९३४ मध्ये निघाला आणि या गर्भांमुळे आपल्या ज्ञानात फारशी भर पडली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तोपर्यंत मूळ समजूतच मागे पडली होती.

याच विल्सनने पुढे आणखी एक ओझे वाहिले. दक्षिण ध्रुवावरून परतताना, उपासमार आणि हिमदंश सोसत असतानाही, स्कॉटच्या तुकडीने सुमारे १६ किलो दगड घसरगाडीवर तसेच ठेवले होते. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे देह सापडले तेव्हा दगडही सापडले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या लोप पावलेल्या वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत आणि आपल्या देशातल्या दगडी कोळशाच्या थरांत याच वनस्पतीचे ठसे मिळतात. दक्षिणेकडचे खंड एके काळी जोडलेले होते या सिद्धांताला त्या दगडांनी बळ दिले. त्या प्राचीन भूभागाचे गोंडवन हे नावही आपल्याकडच्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलेले आहे.

अंडी आणि दगड आणणारा माणूस एकच, धैर्यही तेच. हाल कशात जास्त झाले ते ठरवणे अवघड आहे. तरी एकाचा उपयोग झाला आणि दुसऱ्याचा जवळपास झाला नाही. नमुना किती कष्टाने मिळवला याचा आणि त्याच्या शास्त्रीय किमतीचा थेट संबंध नसतो. हे एवढे लक्षात ठेवून आपण आजच्या काळाकडे येऊ.

ग्रेग ट्रेनिश या अमेरिकन पदभ्रमण करणाऱ्या तरुणाने एका सहप्रवासिनीबरोबर दक्षिण अमेरिकेतली अँडीज पर्वतरांग पायी पालथी घातली. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, काळ २००६ ते २००८. इतकी पायपीट केवळ स्वतःसाठी करणे त्याला पुढे खटकू लागले, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. जीवशास्त्राचे शिक्षण हाताशी होतेच. २०११ मध्ये त्याने माँटाना राज्यातल्या बोझमन या गावी एक संस्था काढली. तिचे आधीचे नाव ‘ॲडव्हेंचरर्स अँड सायंटिस्ट्स फॉर कॉन्झर्व्हेशन’, आताचे ‘ॲडव्हेंचर सायंटिस्ट्स’. काम मध्यस्थाचे: शास्त्रज्ञाला काय हवे ते समजून घ्यायचे, त्याची सोपी पण काटेकोर कार्यपद्धती लिहून काढायची, साहसवीरांना तिचे शिक्षण द्यायचे आणि नमुने प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचे.

या संस्थेने बरीच वेगवेगळी कामे अंगावर घेतली. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या डोंगरांत पॅसिफिक मार्टेन नावाचा, पाणमांजराच्या कुळातला पण झाडांवर चढणारा छोटा मांसाहारी प्राणी अजून शिल्लक आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या स्वयंसेवकांनी बर्फातून चालत जाऊन आपोआप छायाचित्रे टिपणारे कॅमेरे बसवले. बिगलीफ मेपल या झाडाचे लाकूड गिटारसारख्या वाद्यांसाठी चढ्या भावाने विकले जाते आणि त्यासाठी सरकारी जंगलांतून त्याची चोरटी तोडही होते. या झाडांचे नमुने किनारपट्टीच्या जंगलांतून गोळा करून त्यांच्या डीएनएचा संदर्भसंच उभारण्याचे काम २०१८ पासून स्वयंसेवकांनी केले. बाजारातले लाकूड कोणत्या भागातले आहे, हे अशा संचाशी ताडून पाहता येते. या कामांत एक गोष्ट समान आहे. काय शोधायचे, कुठे शोधायचे आणि सापडले नाही तर काय लिहायचे, हे माणूस घराबाहेर पडण्याआधीच ठरलेले असते. म्हणून ही कामे मला भक्कम वाटतात. पण संस्थेचे सर्वांत गाजलेले काम वेगळे आहे. ते सूक्ष्म प्लॅस्टिकचे, आणि त्याकडे जरा तपशिलाने पाहायला हवे.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. समुद्रातले असे कण मोजण्याची रूढ रीत म्हणजे जहाजामागे बारीक जाळे ओढणे. या जाळ्याची छिद्रे साधारणपणे एक तृतीयांश मिलिमीटरची असतात. जाळे अर्धा तास ओढले तर शंभराहून अधिक घनमीटर पाणी गाळले जाते. एक घनमीटर म्हणजे हजार लीटर, तेव्हा ही रीत पाण्याच्या मोठ्या साठ्याचा अंदाज देते. तिच्यात खोट एकच, पण मोठी आहे. कपड्यांतून निघालेले तंतू लांबीला मिलिमीटरभर असले तरी जाडीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या भागाइतकेच असतात. सुई चाळणीतून उभी निसटावी तसे ते जाळ्यातून निसटतात.

साहसवीरांना जाळे ओढायला सांगणे शक्यच नव्हते. त्यांना एक लीटरची बाटली देण्यात आली. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने ती तीनदा विसळायची, भरायची, बूच घट्ट लावायचे, ठिकाण आणि वेळ लिहायची आणि पाठवून द्यायची. प्रयोगशाळेत हे पाणी ०.४५ मायक्रॉनच्या, म्हणजे जाळ्याच्या छिद्रापेक्षा शेकडो पटींनी बारीक गाळणकागदातून गाळले जाई आणि कागदावर राहिलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात. बाटलीत पाणी थोडे, पण सुटत काही नाही. साहसवीराची अडचण इथे शास्त्राच्या पथ्यावर पडली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

अॅबिगेल बॅरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाण्यावर लिहिलेला निबंध ‘एन्व्हायर्न्मेंटल पोल्यूशन’ या संशोधनपत्रिकेत आला. जगभरच्या समुद्रांतल्या १३९३ बाटल्या तपासल्यावर लीटरमागे सरासरी ११.८ कण मिळाले. तोवरच्या गणिती अंदाजांपेक्षा हा आकडा सुमारे हजार पटींनी मोठा होता. त्यांतले ९१ टक्के कण तंतू होते. किनाऱ्याजवळच्या पाण्यापेक्षा खुल्या समुद्रात कण जास्त, आणि ध्रुवीय समुद्रांत सर्वांत जास्त, असेही आढळले. वर्तमानपत्रांना आवडेल असा हा निष्कर्ष आहे. माणसापासून जितके दूर जावे तितका कचरा जास्त!

आता हेच आकडे पुन्हा एकदा वाचू. सरासरी ११.८ आहे आणि तिच्याबरोबर निबंधात प्रमाणविचलन दिले आहे २४.०. बारावीच्या विद्यार्थ्यालाही इथे थबकायला हवे. सरासरीतून एक प्रमाणविचलन वजा केले तर उणे बारा येतात, आणि बाटलीत उणे बारा कण असू शकत नाहीत. याचा अर्थ कण सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. बहुतेक बाटल्यांत ते सरासरीहून बरेच कमी आहेत, आणि थोड्या बाटल्यांत इतके भरमसाट आहेत की त्यांनी सरासरी वर ओढली आहे. गावातल्या दोन-चार बागायतदारांमुळे सगळ्या गावाचे सरासरी उत्पन्न फुगते, तसाच हा प्रकार. अशा वेळी ‘समुद्राच्या प्रत्येक लीटरमध्ये बारा कण’ हे वाक्य चुकीचे चित्र उभे करते. निबंधकारांनी प्रमाणविचलन लपवलेले नाही. बातमी देणाऱ्यांनी ते गाळले, तर तो दोष निबंधाचा नव्हे.

ध्रुवीय समुद्रांविषयीचा निष्कर्ष किती बाटल्यांवर उभा आहे? ५१. आणि एकूण १३९३ बाटल्या पृथ्वीवरच्या सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर समुद्रावर समान वाटल्या, तर एका बाटलीच्या वाट्याला सुमारे २ लाख ६० हजार चौरस किलोमीटर येतात. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या पाण्याची परीक्षा एका-दीड बाटलीवरून करण्यासारखे हे झाले. शिवाय बाटल्या समान वाटलेल्या नव्हत्याच. शिडाच्या होड्या जिथे जातात, ज्या ऋतूत जातात, तिथलेच आणि तेव्हाचेच पाणी मिळते. वादळी महिन्यांतले, भटक्यांच्या आवडीबाहेरचे समुद्र कोरेच राहतात. हजार लीटर पाणी एका ठिकाणचे असते तर ते त्या ठिकाणाविषयी पुष्कळ काही सांगते. हजार ठिकाणचे एकेक लीटर पाणी ‘कण सर्वत्र आहेत’ एवढे छातीठोकपणे सांगते, पण ‘इथे जास्त, तिथे कमी’ हे सांगताना त्याचा आवाज बारीक व्हायला हवा.

या कणांतले प्लॅस्टिक किती, हाही प्रश्न आहे. अवरक्त किरणांच्या साहाय्याने ११३ कणांचा पदार्थ ओळखला गेला. त्यांतले ५७ टक्के कृत्रिम, १२ टक्के अर्धकृत्रिम आणि ३१ टक्के नैसर्गिक धाग्यांचे निघाले. सरासरीवरून हिशेब केला तर मोजलेले एकूण कण सोळा हजारांच्या घरात जातात, म्हणजे पदार्थाची ओळख शंभरातल्या एकाचीही झालेली नाही. तरीही हा भाग मला निबंधातला सर्वांत उपयोगी वाटतो. समुद्रात तरंगणाऱ्या तंतूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश कापूस-लोकरीसारखे असू शकतात, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या प्रत्येक तंतूला प्लॅस्टिक म्हणून मोजू नये, हा इशारा त्यातून मिळतो. निबंधकारांनी स्वतः ‘सूक्ष्मकण’ आणि ‘सूक्ष्मतंतू’ हे शब्द जपून वापरले आहेत.

आणि साहसवीराचे कपडे? थंड प्रदेशात भटकणारा माणूस नखशिखांत पॉलिएस्टर आणि नायलॉनमध्ये गुंडाळलेला असतो. त्याचे उबदार जाकीट बहुधा प्लॅस्टिकच्याच धाग्यांचे. मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा एक कपडा एकदा धुतल्यावर १९०० पेक्षा जास्त तंतू सुटू शकतात, असे दिसले होते. बाटलीचे बूच उघडे असताना बाहीवरचे दोन तंतू आत पडले तर लीटरमागे दोन कण वाढले. म्हणून अशा कामात ‘कोरा नमुना’ लागतो. गाळलेल्या, तंतुविरहित पाण्याची बाटली त्याच ठिकाणी, तितकाच वेळ उघडी ठेवायची आणि तिच्यात किती तंतू सापडतात ते मोजून मुख्य नमुन्यातून वजा करायचे. प्रयोगशाळेत हे सहज जमते. समुद्रावर हेलकावणाऱ्या होडीत, गारठलेल्या बोटांनी, दुसऱ्या एका बाटलीची उठाठेव कोण करणार? पण नमुन्याची किंमत ठरते ती या कंटाळवाण्या दुसऱ्या बाटलीवर. हिमनगाच्या पार्श्वभूमीवर बाटली उंच धरलेल्या माणसाचे छायाचित्र सगळीकडे दिसते. कोऱ्या बाटलीचे छायाचित्र कोणी काढत नाही.

दुसरा निबंध याच संस्थेच्या दाराशी वाहणाऱ्या नदीचा आहे. गॅलाटिन नदी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उगम पावते, माँटानामधून उत्तरेकडे वाहते आणि थ्री फोर्क्स या ठिकाणी जेफरसन आणि मॅडिसन या नद्यांना मिळते. तिथून पुढे तिघींची मिळून मिसुरी होते. वाटेत राखीव जंगल आहे, शेती आहे, वस्त्या आहेत. या खोऱ्यात ७२ जागा नक्की करण्यात आल्या. २०१५ ते २०१७ या काळात स्थानिक स्वयंसेवक वेगवेगळ्या ऋतूंत त्याच त्या जागी जात राहिले. उन्हाळ्यात चालत किंवा पळत, हिवाळ्यात स्कीवरून. एकूण ७१४ बाटल्या जमल्या. ‘वॉटर रिसर्च’ या पत्रिकेत आलेल्या निबंधानुसार त्यांतल्या ५७ टक्के बाटल्यांत सूक्ष्म प्लॅस्टिक होते, आणि सरासरी होती लीटरमागे १.२ कण.

समुद्राच्या आकड्याशेजारी हा आकडा फिका वाटतो. या कामाची प्रसिद्धीही त्या मानाने थोडीच झाली. पण शिक्षकांनी वर्गात घ्यायला हाच निबंध अधिक चांगला आहे. कारण यात रिकाम्या बाटल्या आहेत. ७१४ पैकी ४३ टक्के, म्हणजे तीनशेहून अधिक बाटल्यांत काहीच सापडले नाही आणि तेही तितक्याच काळजीने लिहून ठेवले गेले.

रिकाम्या बाटलीचा अर्थ काय? ‘तिथले पाणी स्वच्छ’ असा अर्थ लगेच काढता येत नाही. समजा, नदीच्या पाण्यात लीटरमागे सरासरी १.२ कण अगदी एकजीव मिसळलेले आहेत. तरी काही बाटल्यांत निव्वळ योगायोगाने एकही कण येणार नाही. अशा बाटल्यांचे प्रमाण पॉयसाँच्या सूत्राने काढता येते आणि ते सुमारे ३० टक्के येते. म्हणजे ७१४ पैकी सुमारे २१५ बाटल्या नुसत्या योगायोगानेच रिकाम्या राहिल्या असत्या. प्रत्यक्षात त्याहून नव्वद-एक जास्त रिकाम्या निघाल्या. यावरून दोन गोष्टी हाती लागतात. एक, कण नदीत एकजीव पसरलेले नाहीत. काही जागी किंवा काही वेळी ते घोळक्याने येतात. दुसरी, इतक्या विरळ कणांसाठी एक लीटर पाणी फार थोडे आहे. दहा लीटर घेतले असते तर बरे झाले असते. पण दहा लीटर म्हणजे दहा किलो, आणि ते बर्फातून पाठीवर आणायचे! इथे साहसवीराच्या पाठपिशवीची मर्यादा शास्त्राला आड येते.

ही मर्यादा स्वयंसेवकांनी एका साध्या उपायाने ओलांडली. ते पुन्हा पुन्हा गेले. ७१४ ला ७२ ने भागले तर प्रत्येक जागेच्या वाट्याला सुमारे दहा बाटल्या येतात. वेगवेगळ्या दिवशी आणलेले दहा लीटर पाणी एकत्र हिशेबात घेतले, तर त्या जागेविषयी काही म्हणता येते, आणि ऋतूंची तुलनाही करता येते. नदीचा प्रवाह वाढला की लीटरमागे कणांचे प्रमाण कमी होते, हा निष्कर्ष त्याच जागी परत जाण्यामुळेच शक्य झाला. बर्फ वितळून नदी फुगलेली असताना एकदाच जाऊन आलेल्या माणसाला हेच पाणी स्वच्छ वाटले असते, आणि पाणी आटल्यावर गेलेल्याला घाणेरडे. दोघांच्या बाटल्या प्रामाणिकपणे भरलेल्या, आणि दोघांची मते चुकीची.

पहिल्या निबंधावरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे. साहसवीराचा स्वभाव नव्या जागेकडे ओढ घेणारा असतो. एक शिखर झाले की दुसरे. विज्ञानाला मात्र बऱ्याचदा तीच जागा, तोच महिना, तीच पद्धत हवी असते. या दोन ओढींत जिथे साहसाची ओढ वरचढ ठरली तिथे जगभर पसरलेले पण पातळ चित्र मिळाले. जिथे शास्त्राची ओढ वरचढ ठरली तिथे एका नदीचे दाट चित्र मिळाले. पातळ चित्राचा उपयोग नाही असे म्हणणे अन्याय होईल. जाळ्यातून तंतू निसटत होते आणि त्यामुळे आधीचे अंदाज फार कमी होते, हे दाखवण्यासाठी जगभरच्या बाटल्या पुरेशा होत्या. हे काम मोठे आहे आणि एखाद्या संशोधन-जहाजाला त्यासाठी किती वर्षे हिंडावे लागले असते याची कल्पनाच केलेली बरी. पण त्याच बाटल्यांकडून ध्रुव आणि किनारा यांची तुलना करून घ्यायची, तर आणखी कितीतरी बाटल्या हव्या होत्या, आणि त्या वर्षानुवर्षे त्याच अक्षांश-रेखांशावर भरलेल्या हव्या होत्या. २०१७ मध्ये हे नमुने घेणे थांबले. त्यानंतर त्या समुद्रांत कण वाढले की घटले, हे सांगायला ही मालिका पुढे गेलेली नाही.

आणखी एक बाब ओझरती नोंदवतो. हिमालयात असो वा अँडीजमध्ये, साहसवीराचे ओझे पुष्कळदा स्थानिक हमाल आणि वाटाडे वाहतात. तेच डोंगर ते वर्षातून अनेकदा चढतात, आयुष्यभर चढतात. ‘पुन्हा पुन्हा त्याच जागी’ ही विज्ञानाची गरज त्यांच्याइतकी सहजपणे कोण भागवणार? तरी अशा योजनांत स्वयंसेवक म्हणून नाव लागते ते बाहेरून आलेल्या पाहुण्याचे. बाटली त्या वाटाड्याच्या हाती देऊन तिचे रीतसर वेतन द्यावे, हा विचार या चळवळीत फारसा पुढे आलेला दिसत नाही.

रिकाम्या बाटलीची नोंद ठेवण्याचे महत्त्व आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांनी चांगले ओळखले आहे. २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल निघाला. देशभरच्या तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून त्यात ९४२ जातींचा आढावा घेतलेला आहे. महाराष्ट्रातले शेकडो हौशी निरीक्षकही असल्या याद्या भरत असतात. या नोंदींतही साहसवीरांच्या बाटल्यांतला दोष आहेच: लोक जिथे राहतात, जिथे फिरायला जातात, तिथल्याच नोंदी जास्त. त्यावर उपाय म्हणून पूर्ण यादीचा आग्रह धरला जातो. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, नुसता दुर्मीळ तेवढा लिहायचा नाही. यादी पूर्ण असली म्हणजे तिच्यात नसलेला पक्षी हीदेखील नोंद ठरते, आणि शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे हे वर्षावर्षांनी ताडून पाहता येते. गडावर जाऊन फक्त गरुडाचे छायाचित्र घेऊन येणाऱ्याने आनंद मिळवला. वाटेतल्या बुलबुलांसकट सगळी यादी लिहिणाऱ्याने त्याबरोबर माहितीही आणली.

हे सारे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी माँटानाला जायची गरज नाही, आणि नदीवरही नंतर जाता येईल. आधी कोरा नमुना काय असतो ते वर्गातच दाखवावे. दोन स्वच्छ काचेच्या बशा घ्याव्या, प्रत्येकीत एकेक पांढरा गाळणकागद ठेवावा आणि उकळून गाळलेल्या पाण्याने तो ओला करावा. एक बशी काचेच्या झाकणाने लगेच झाकावी, दुसरी तासभर टेबलावर उघडी ठेवावी. तास संपल्यावर दोन्ही कागद शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नसेल तर चांगल्या भिंगाखाली, चौकोन आखून तपासावे आणि तंतू मोजावे. झाकलेल्या बशीतही काही तंतू सापडतील. ते मांडणी करतानाच पडलेले असतात, आणि तेवढे उघड्या बशीतून वजा करायचे. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ दिलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या सरळ, गुळगुळीत कांडीसारखा. मुलांचा गणवेश टेरिकॉटचा असेल, तर दोन्ही प्रकारचे तंतू सापडण्याची शक्यता आहे.